ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याची बोटं तुटलेली आहेत म्हणतात. मग तो गिटार वाजवतो कसा?

तुटली आहेत हे खरं, पण पूर्ण बोटं नव्हेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. बर्मिंगहॅमचा हा मुलगा (जन्म १९४८) पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि हात यंत्रात सापडला. गडी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायच्या त्या उजव्या हाताने. नेमका तोच!

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. पण कारखान्यातल्या फोरमनने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो जॅझमधला बाप माणूस. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. साध्या तारा टोचायच्या, म्हणून हलक्या बँजोच्या तारा लावल्या. पुढे गिटारचा सूरच उतरवला. ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये काही गाणी तीन अर्धस्वर खाली आहेत. तारा सैल, बोटांना आराम, आणि आवाज असा जड की पुढे सगळं हेवी मेटल त्याच वाटेने गेलं. माझ्या मते रॉकमधला हा सगळ्यात मोठा जुगाड.

बाकी कारकीर्द थोडक्यात: ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १९७० चा. माणसं येत-जात राहिली, कायम राहिला तो एकटा. २०१२ मध्ये लिम्फोमाचं (एक प्रकारच्या कर्करोगाचं) निदान झालं, उपचार घेत घेत वाजवत राहिला. जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर चौघे मूळ साथीदार शेवटचे एकत्र वाजले.