इलेक्ट्रिक गाडीने पहिल्यांदाच ६०० किलोमीटर जायचंय. वाटेत एकदाच शंभर टक्के चार्ज केली तर पुरेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: बॅटरी ५० युनिटची, कंपनीने सांगितलेली रेंज ४०० किलोमीटर, सोबत आई-वडील आणि सामान, आणि मनात धाकधूक. एका थांब्यात भागणार नाही. दोन थांबे धरा, प्रवास आरामात होईल.

आधी ते ४०० विसरा. तो आकडा ठरावीक चाचणीत निघालेला असतो, आणि त्या चाचणीचा सरासरी वेग हायवेवरच्या तुमच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की एकटा हवेचा विरोधच जवळपास दुप्पट होतो. टपावर सामान बांधलं तर त्यात आणखी भर, म्हणून होईल तेवढं डिकीतच बसवा. चार माणसं, एसी चालू आणि ९०-१०० चा वेग असेल, तर १०० किलोमीटरला १७ युनिट हा हिशोब मी धरतो. म्हणजे भरलेल्या बॅटरीत साधारण २९० किलोमीटर. निघण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी हायवेवर तासभर त्याच वेगाने चालवून तुमच्या गाडीचा खरा आकडा काढा. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आता टप्पे. घरून रात्रभर चार्ज करून शंभर टक्क्यांवर निघा. २४० किलोमीटरला पहिला थांबा, तिथे सुमारे १८ टक्के उरतील. तिथून ऐंशीपर्यंत भरून १८० किलोमीटर, पुन्हा ऐंशी, पुन्हा १८०. दर वेळी हाताशी १८-१९ टक्के, म्हणजे पन्नासेक किलोमीटर शिल्लक राहतात. ही शिल्लक मोडायची नाही. ठरवलेला चार्जर बंद निघाला किंवा तिथे रांग असली, तर दुसऱ्यापर्यंत पोचायला ती आहे. म्हणून प्रत्येक थांब्याच्या आसपास तीस किलोमीटरच्या आत दुसरा फास्ट चार्जर आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. नसेल तर थांबा अलीकडे घ्या.

ऐंशीवरच का थांबायचं, हे चार्जरच्या स्क्रीनकडे पाहत उभं राहिलात की आपोआप कळतं. सुरुवातीला ४५-४८ किलोवॅटचा आकडा, म्हणजे वीज भरण्याचा वेग, स्थिर दिसतो. सत्तर-ऐंशीच्या पुढे तो उतरू लागतो, ३०, २२, १५, आणि शेवटचे काही टक्के जाता जात नाहीत. बॅटरीला इजा होऊ नये म्हणून गाडीच करंट कमी मागते. शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येकदा आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागतो. त्यापेक्षा तेवढ्या वेळात पुढच्या थांब्याकडे निघालेलं बरं. ५० किलोवॅटच्या चार्जरवर अठराचे ऐंशी व्हायला पाऊण तास धरा. चार्जरवर १२० लिहिलेलं असलं तरी गाडी ५० च घेत असेल तर ५० च मिळणार. दोघांत जो कमी, तो ठरवतो. दोन गन (गाडीत खोचायचे केबलचे प्लग) असलेल्या चार्जरवर दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाऊ शकते, तेही ध्यानात ठेवा.

घाट असेल तर चढ-उताराचा वेगळा हिशोब करा. माणसं-सामानासकट १९०० किलोची गाडी हजार मीटर वर न्यायला नुसत्या उंचीपोटीच पाच युनिटच्या वर जातात. उतरताना त्यातला बराच भाग रीजनने, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते त्याने, परत मिळतो. पण माथ्यावरच शंभर टक्के भरून उतरायला लागलात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. रीजन जवळजवळ बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वयस्कर माणसं सोबत असताना माथ्यावर जागा राखूनच निघावं, असं मला मनापासून वाटतं.

आई-वडील सोबत आहेत म्हणून आणखी एक. थांबा निवडताना चार्जरच्या वेगाइतकंच स्वच्छ शौचालय, बसायला सावली आणि रात्री उजेड याला महत्त्व द्या. पाऊण तास त्यांनी कुठे बसायचं, हा प्रश्न तुमच्या टक्क्यांपेक्षा मोठा आहे. दहा किलोमीटर अलीकडे थांबावं लागलं तरी चालेल.

मुक्कामाच्या ठिकाणी साधा, हळू भरणारा एसी (घरच्या विजेसारख्या अल्टरनेटिंग करंटचा) चार्जर किंवा अर्थिंग असलेला १५-१६ अँपिअरचा सॉकेट आहे का, हे फोन करून विचारा. साध्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट मिळतात. रात्रीच्या नऊ-दहा तासांत निम्मी बॅटरी भरते आणि परतीचा पहिला टप्पा सोपा होतो.

आणि हे निघण्याच्या आठवडाभर आधीच करा: वाटेतल्या चार्जरची ॲप्स उतरवून घ्या, खात्यात पैसे टाका आणि घराजवळच्या एखाद्या फास्ट चार्जरवर दहा मिनिटं प्रत्यक्ष चार्ज करून पाहा. गन जड असते, केबलच्या वजनाने खाली झुकते आणि मग संपर्क नीट न बसल्याने चार्जिंग सुरूच होत नाही. आत पूर्ण दाबून, लॉक लागल्याचा आवाज येईपर्यंत हाताने आधार देऊन धरा. काढताना अडली तर आधी चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा, ओढू नका.

गाडीचं मॉडेल आणि वाटेतले घाट कमेंटमध्ये लिहिलेत तर टप्पे नेमके कुठे घ्यावेत ते सांगतो.