डायलिसिस लांबवलं म्हणजे आयुष्य कमी केलं का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, शब्द वेगळे असतात पण पोटातली भीती तीच. मी किडनीच्या पेशंटचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. ही केस त्यातलीच, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नावांऐवजी काका-काकूच म्हणते.

काकू आल्या त्या वही घेऊनच. प्रत्येक तारखेपुढे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढत जाणारा आकडा, लिहिलेलं, ४.८, ५.३, ६.१, आणि शेवटच्या आकड्याभोवती पेनाने दोनदा गोल. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात अजून थोडं थांबू, लक्ष ठेवू. माझा भाऊ म्हणतो थांबताय कशाला, रोज अंगात विष साठतंय. मॅडम, मी ह्यांना माझ्या हातानं मारत नाहीये ना?" काका शेजारी भिंतीकडे बघत बसलेले. ते अर्थातच थांबायच्या बाजूचे, त्यांचं चाललं असतं तर जन्मभर थांबले असते.

डायलिसिस कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतात, मी नाही. पण नेमक्या ह्याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास झालाय, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, 'आयडियल' नावाचा, २०१० मध्ये छापून आला, तो मी त्यांना सांगितला. ८२८ पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचं डायलिसिस जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज, १० ते १४ असतानाच सुरू करायचं, दुसऱ्या गटाचं ५ ते ७ पर्यंत थांबून. थांबलेल्या गटाचं डायलिसिस साधारण साडेपाच महिने उशिरा सुरू झालं. मग साडेतीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं, तर मृत्यूचं प्रमाण लवकरवाल्यांत ३७.६ टक्के आणि उशिरावाल्यांत ३६.६. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. नुसता आकडा बघून घाई केल्याने आयुष्य वाढलं नाही.

काका एकदम जागे झाले. "बघ, मी काय म्हणत होतो!" तासाभरात पहिल्यांदा बोलले. काकूंचा चेहराही सैल झाला, आणि खरं सांगते, मलाही तिथेच थांबावंसं वाटलं, दोघंही खूश होऊन गेले असते.

पण माझं लक्ष काकांच्या पायाकडे होतं. मोजा थोडा खाली सरकलेला आणि रबराचा वळ इतका खोल की त्यात बोट बसेल. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रात्री झोप कशी लागते?

"मस्त."

"खुर्चीतच झोपतात," काकू म्हणाल्या, "टीव्ही बघता बघता."

"किती दिवस झाले?"

"झाले की तीन आठवडे."

"टीव्ही चालू असतो?"

काकू थांबल्या, काकांकडे बघितलं. "नाही," म्हणाल्या.

मग हळूहळू निघालं सगळं. आडवं झालं की दम कोंडतो, तोंडात लोखंड धरल्यासारखी चव येते, खाजेने पाठ ओरबाडून निघते. डॉक्टरांना ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, का तर सांगितलं की मशीनला लावतील. तेव्हा मी त्या अभ्यासाचा उरलेला अर्धा भाग सांगितला, जो ऐकायला फार कुणी थांबत नाही: थांबलेल्या गटातल्या चौघांतल्या तिघांचं डायलिसिस ठरल्यापेक्षा आधीच सुरू करावं लागलं, कारण त्रास व्हायला लागला. तिथे थांबणं म्हणजे सारखी तपासणी आणि त्रास दिसला की सुरू. त्रास लपवून काढलेले दिवस त्या हिशोबात बसत नाहीत.

त्याच दुपारी ते डॉक्टरांकडे गेले, फुप्फुसात पाणी होतं, दोन दिवसात डायलिसिस सुरू झालं आणि तेही मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून. कारण फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात आधी करून ठेवायची जोडणी, केलेलाच नव्हता. चार महिन्यांपूर्वी सांगूनही काका नाही म्हणाले होते, त्यांच्या डोक्यात फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस सुरू झालंच. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता पहिल्याच भेटीत विचारते. फिस्टुलामध्ये हातातली शीर धमनीला जोडतात, ती फुगून सुई घेण्याइतकी जाड व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात, म्हणून तो आधी करून ठेवायचा. केल्याने डायलिसिसची तारीख अलीकडे येत नाही, आणि नसला की मग कॅथेटर, त्यात इन्फेक्शनची भीती बरीच जास्त.

पुढच्या भेटीत काकू रडल्या. आधी "मी उशीर करतेय" होतं, आता "माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही". तुमची चूक नाही असं मी म्हणू शकले असते पण त्याने कुणाला बरं वाटत नाही. त्यापेक्षा आम्ही वही काढली आणि नवीन रकाने पाडले, आडवं झोपता आलं का, पायाला सूज, श्वास, सकाळचं वजन, आणि क्रिएटिनिन अगदी शेवटी. वजन काकांनी स्वतः लिहायचं असं ठरलं, त्यावर ते कुरकुरले, पण लिहितात.

आता कॅथेटर निघालंय, फिस्टुला चालतो, आठवड्यातून तीनदा चार-चार तास. काकू रोज सकाळी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बघतात, आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं, ते लागलं की फिस्टुला चालू आहे. काका झोपेतच हात पुढे करतात, आडवे झोपून.

परवा मात्र नवीन भांडण घेऊन आले. काकांना प्रत्येक वेळी अर्धा तास आधी मशीनवरून उतरायचं असतं. मला म्हणाले, "त्यावर नाही का काही संशोधन?" मी म्हणलं, आहे, पण ते ऐकून ह्या वेळी काकू खूश होतील.