रस्त्यावरच्या जुन्या स्टेशन वॅगन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पेठेत एका घरापुढे पांढरी, लांबलचक गाडी वर्षानुवर्षे उभी असते. पुढून ती जुन्या टाटा सिएरासारखी दिसते, पण तिला बाजूंना चार दरवाजे आहेत आणि टप थेट मागच्या टोकापर्यंत गेलेला आहे. शेजारीपाजारी तिला ‘जुनी सुमो’ म्हणतात. ती खरोखर सुमो आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती टाटा इस्टेट असावी, आणि तसे असेल तर आपल्या पेठेत एक दुर्मीळ गाडी उभी आहे. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप ट्रक आणला, त्याच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये तीन दरवाजांची सिएरा आणि १९९२ मध्ये ही इस्टेट तयार केली. सुमो आली ती त्यानंतर, १९९४ मध्ये. या सगळ्यांची जन्मभूमी पुणेच असल्यामुळे आणि पहिल्या तिघींचे तोंड सारखेच असल्यामुळे ओळखण्यात गफलत होते. म्हणून स्टेशन वॅगन ओळखायची असेल, तर गाडीच्या तोंडाकडे न पाहता बाजूच्या मागच्या दरवाजाच्या पलीकडे पाहावे. साध्या मोटारीचा टप मागच्या सीटनंतर उतरतो आणि पुढे वेगळी डिकी सुरू होते. वॅगनचा टप मात्र तसाच पुढे जातो, त्याखाली बाजूला तिसरी लांब काच येते आणि शेवटी वर उघडणारा दरवाजा येतो. सुमो उंच आणि चौकोनी आहे. इस्टेट तिच्या मानाने बुटकी आणि मोटारीच्या बांध्याची आहे.

तिचे इंजिन १९४८ सीसीचे डिझेल होते, काचा वीजेवर वरखाली होत, आणि त्या काळी आपल्याकडे ही चैनच होती. तरीही ती चालली नाही. माझ्या मते, एवढी किंमत मोजू शकणाऱ्या गिऱ्हाइकाला वेगळी डिकी असलेली मोटार हवी होती, आणि ज्याला माणसे भरून न्यायची होती, त्याच्यासाठी दोनच वर्षांत सुमो हजर झाली. या दोघांच्या मधल्या जागेत इस्टेट अडकली. त्यातच आपल्याकडे या आकाराची गाडी लोकांनी रुग्णवाहिका किंवा शववाहिका म्हणूनच पाहिलेली होती, त्यामुळे घरासाठी तशी गाडी घेणे अनेकांच्या मनाला पटत नसे.

काही वर्षांपूर्वी साताऱ्यात अशी एक इस्टेट मला जवळून पाहायला मिळाली. मालकांनी मागचा दरवाजा उघडून सीट पुढे पाडली, तेव्हा मागच्या सपाट पत्र्यावर एकमेकींना समांतर अशा ओरखड्यांच्या रांगा दिसल्या. दर उन्हाळ्यात देवगडहून हापूसच्या पेट्या आणताना पेट्यांच्या खिळ्यांनी ते उमटले होते, आणि सीटच्या बिजागरीत पेंढ्याची एक काडी अजून अडकलेली होती. बाहेरून नवा रंग देऊनही त्यांनी हा पत्रा मुद्दाम तसाच ठेवला होता, आणि तो निर्णय मला फार मोलाचा वाटला. आपल्या शेजारच्या गाडीच्या मालकांशी ओळख काढता आली, तर मागचा दरवाजा उघडून दाखवण्याची विनंती जरूर करा. वॅगनचा सगळा जीव तिथेच असतो.

प्रश्न : ठाण्यात एका गॅरेजबाहेर फियाटची स्टेशन वॅगन पाहिली. अशी गाडी कारखान्यातून निघत होती, की कोणी साध्या फियाटचा मागचा भाग कापून ती बनवली असेल? विकत घेण्याचा विचार आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही शक्यता आहेत. इटलीत फियाटच्या ११०० मालिकेत वॅगनचा प्रकार कारखान्यातच तयार होत असे. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या ११०० आणि पुढे पद्मिनी या गाडीवर बॉडी बांधणाऱ्यांनी वॅगन तयार केल्या, आणि त्या ‘सफारी’ या नावाने ओळखल्या जात. म्हणून ‘कापून बनवलेली’ एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. काम कोणत्या दर्जाचे आहे आणि कागदावर काय आहे, ते पाहावे लागते. टपाच्या कडेने जाणाऱ्या पाण्याच्या पन्हाळीवरून बोट फिरवत मागेपर्यंत न्या. चांगल्या कामात ती अखंड लागते, घाईच्या कामात मागच्या दरवाजाच्या वर जोड हाताला जाणवतो आणि त्याखाली बहुधा लांबी (पुट्टी) भरलेली असते. मागच्या काचेखालचा पत्रा आतून पाहा. रबर वाळले की पावसाचे पाणी तिथेच मुरते, आणि कोकणपट्टीत राहिलेल्या गाडीचा तो भाग पोखरलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरसी बुकातली बॉडीच्या प्रकाराची नोंद. तिथे सलून (म्हणजे वेगळ्या डिकीची साधी मोटार) लिहिलेले आणि समोर वॅगन उभी, असे असेल तर व्यवहार थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीपेक्षा वेगळा बदल विनापरवाना करता येत नाही. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याला ती रोज चालवायची असेल, तर या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : २००० नंतरच्या वॅगन जुन्या म्हणून जपाव्यात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जपाव्यात, आणि आत्ताच. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची सिएना वीकएंड, टाटांची इंडिगो मरीना आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी या सगळ्या आपल्या रस्त्यांवर आल्या आणि कमी संख्येने विकल्या गेल्या. मागचे दिवे आणि बाजूची तिसरी काच हे सुटे भाग मूळ मोटारीचे चालत नाहीत, त्यामुळे एखादी मरीना भंगारात निघालेली दिसली, तर निदान तिच्या काचा वाचवा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे एका छोट्या जुन्या गाडीचा मागचा भाग लाकडी चौकटीचा दिसला. ती केवळ शोभा आहे का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : आपण पाहिलेली गाडी बहुतेक मॉरिस मायनर ट्रॅव्हलर असावी, ती १९५३ पासून १९७१ पर्यंत तयार होत होती. तिच्यातले लाकूड अ‍ॅश जातीचे असते आणि ते शोभेचे मुळीच नाही. मागचा सगळा भाग त्याच चौकटीवर उभा असतो, आणि म्हणूनच पूर्वी लाकूड कुजले तर तिकडच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास होत असे. जवळ गेलात, तर लाकडाच्या खालच्या आडव्या पट्टीचे सांधे पाहा. पाणी तिथे साठते, आणि काळपट डाग दिसला तर कूज सुरू झाली असे समजावे. वार्निश वेळेवर लावणाऱ्या मालकाची गाडी दुरूनही मधाच्या रंगाने ओळखू येते.

प्रश्न : रस्त्यावरच्या अशा गाडीचे छायाचित्र मालकाला न विचारता काढावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : विचारूनच काढावे, आणि ते कोणाला पाठवणार असाल, तर क्रमांकाची पाटी आणि मागचे घर झाकावे. जुन्या गाड्यांच्या चोरीत सुटे भागच आधी जातात, त्यामुळे मालक सावध असतात आणि ते रास्तच आहे. मालक भेटले नाहीत, तर वायपरखाली आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. साताऱ्याची ती इस्टेट मला अशाच चिठ्ठीमुळे पाहायला मिळाली. आठ दिवसांनी मालकांचा फोन आला आणि त्यांनी रविवारी सकाळी चहाला बोलावले.