मामा ‘बाटले’ की मामांनी बाप्तिस्मा घेतला?

प्रश्न असा: “आमचे मामा साठीनंतर ख्रिस्ती झाले. घरात सगळे ‘मामा बाटले’ म्हणतात. हा नुसता जुना शब्द आहे की शिवी? ते गळ्यात क्रूस घालतात, म्हणून ‘बाटग्याची बांग मोठी’ हेही ऐकावं लागतं.”

शिवीच धरा. पण ती अर्थापेक्षा व्याकरणात जास्त दिसते. ‘बाटणे’ हे सोवळ्याओवळ्यातलं क्रियापद. पाणी बाटतं, भांडं बाटतं, सोवळं बाटतं. नासणे, विटणे, आंबणे यांच्याच पंगतीतलं. वस्तूचं काहीतरी होतं, वस्तू काही करत नाही. प्रयोजक रूप ‘बाटवणे’, तर तिथेही कर्ता दुसराच कोणी. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याची गोष्ट वसईकडची म्हणून आपण ऐकलेली असते. खरीखोटी देव जाणे, पण त्या गावकऱ्यांना काय वाटलं हे गोष्टीत कुणी विचारत नाही. आता ‘मी दोन वर्षं विचार करून बाटलो’ असं म्हणून बघा. हसू येतं ना? या क्रियापदात विचाराला जागाच नाही.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते तिशी ओलांडलेले कवी होते. लक्ष्मीबाईंना तो धक्का पचवायला आणि मग स्वतःच्या विचाराने त्याच वाटेवर यायला काही वर्षं लागली. एकाच घरातले दोन वेगळे निर्णय. ‘टिळक नवराबायको बाटले’ म्हटलं की दोन्ही पुसले जातात.

‘धर्मांतर’ मात्र निर्मळ शब्द आहे. यातलं ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. देशांतर, भाषांतर यांतलं. 1956 मध्ये नागपुरात डॉ. आंबेडकरांनी वयाच्या 65व्या वर्षी धम्मदीक्षा घेतली, आणि माझ्या मते या शब्दाला मराठीत मान आला तो त्यांच्यामुळेच. धर्मांतर ‘करतात’, दीक्षा ‘घेतात’. माझी तक्रार ‘धर्मांतरित’वर आहे. माणूस वीस वर्षं चर्चला जात असला तरी ती चिठ्ठी काही निघत नाही.

‘बाप्तिस्मा’ ग्रीकमधून आलेला, मुळात बुडवण्याशी नातं सांगणारा. काही जण ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. इथे मराठीने फार छान भेद केला आहे: तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ‘होतो’, मामांसारखा जाणता माणूस तो ‘घेतो’.

राहिली ती बांग. एका म्हणीत दोन समाजांना टोला, हा काटकसरीचा नमुनाच म्हणायचा! मामांच्या मंडळींकडे यासाठी वेगळा शब्द आहे: ‘साक्ष देणे’. कोर्टातली नव्हे. विश्वासाने आपल्या आयुष्यात काय बदललं ते चारचौघांत उघड सांगणं, तसं वागून दाखवणं, म्हणजे साक्ष. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्यासाठी जो ग्रीक शब्द रूढ झाला, त्याचाही मूळ अर्थ ‘साक्षीदार’. या हिशेबात क्रूस शर्टाच्या आत ठेवायचा नसतो.

मामांना विचारलंत, तर ते बहुधा यातलं काहीच न म्हणता ‘मी प्रभूला स्वीकारलं’ म्हणतील. घरच्यांच्या तोंडी ते इतक्यात बसणार नाही. तोवर ‘मामा ख्रिस्ती झाले’ म्हणा. ‘विचार करून ख्रिस्ती झाले’ म्हटलं तरी कुणाला हसू येत नाही.