दुसरी बाटली उघडण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाच्यानं शिकागोहून बोर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली १३ टक्के अल्कोहोलची स्टाउट, म्हणजे काळी घट्ट बिअर आणली, ५०० मिलीच्या दोन बाटल्या. पहिली तुम्ही दोघांनी बर्फासारखी गार करून मगात ओतली. फेस धरला नाही, चव कफ सिरपसारखी लागली, अर्ध्या तासात संपवली आणि सकाळी डोकं जड. आता विचारताय, माल खराब होता का, आणि दुसरी या मे महिन्यातच उघडावी की ठेवावी.

तुम्ही सांगता त्यावरून ती खराब वाटत नाही. बिघडलेली असती तर आंबट लागली असती, व्हिनेगरसारखा वास आला असता किंवा झाकण काढताच उसळून बाहेर आली असती. इतकं अल्कोहोल असलं की फेस टिकत नाही, त्याचं मनावर घेऊ नका. चव बिघडवली ती गारठ्यानं. फ्रीजच्या ३-४ अंशांना वास वर येतच नाहीत, गोडवा दबतो, आणि जिभेला उरतो तो करपट कडूपणा आणि अल्कोहोलचा चटका. म्हणजे औषधच!

डोक्याचं गणित सोपं आहे. ५०० मिलीत १३ टक्के म्हणजे ६५ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये ते साधारण १३ मिली असतं. तुमच्या एका बाटलीत पाच पेग होते. आपल्या दुकानातली स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांच्या आत असते, त्या सवयीनं हिच्याकडे बघू नका. दुसरी बाटली चौघांत वाटा. माणशी १२५ मिली येईल, आणि ती तासभर पुरवा. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही.

ही बिअर अशी का लागते हे कळलं की प्यायची रीत आपोआप सुचते. अमेरिकेत बोर्बन भरायला ओकचं नवीन, आतून जाळलेलं पिंप लागतं, तसा तिथला कायदाच आहे. त्यामुळे एकदा वापरलेलं, साधारण २०० लिटरचं पिंप डिस्टिलरीला पुन्हा बोर्बनसाठी चालत नाही आणि ते बिअरवाल्यांकडे येतं. तुमच्या भाच्याच्या शिकागोतच गूज आयलंड या ब्रुअरीनं १९९० च्या दशकात त्यात घट्ट स्टाउट मुरवून दाखवली. पिंपात बिअर महिनोनमहिने पडून राहते. उन्हाळ्या-हिवाळ्यानं ती जळक्या लाकडात शिरते, बाहेर येते. लाकडात मुरलेलं बोर्बन उतरतं, व्हॅनिला उतरतो, आणि ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या घटकामुळे चक्क खोबऱ्याचा वास येतो. सावजी मसाल्यासाठी खोबरं भाजताना घरभर जो वास सुटतो ना, त्याचाच गोडसर भाऊबंद. मी पहिल्यांदा तो ओळखला तेव्हा ग्लास हातात धरून बराच वेळ नुसता हुंगतच बसलो होतो.

आता ठेवण्याचं. माझं ऐकाल तर डिसेंबरपर्यंत थांबा. पण कपाटात किंवा माळ्यावर नाही. मी एक बाटली माळ्यावर ठेवली होती, वर ४५ अंशांचा उन्हाळा. दिवाळीत उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि सोया सॉसची चव. अख्खी मोरीत ओतावी लागली, आजही त्याचं वाईट वाटतं. फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्याजवळ, उभी, उजेडापासून दूर ठेवा. एवढं अल्कोहोल असलेली बिअर गारव्यात सहा-सात महिने सहज टिकते.

थंडीतल्या संध्याकाळी प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. बिअरचा मग नको. बुडाशी रुंद, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, ब्रँडीचा उत्तम, वाइनचा चालेल. एक तृतीयांशच भरा. नाक एकदम आत घालू नका, अल्कोहोल झोंबतं. थोड्या अंतरावरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. मग चमचाभर घोट, जिभेवर फिरवा, गिळा आणि नाकानं श्वास सोडा. अर्धी चव त्या श्वासात असते.

सुरुवातीला काळी कॉफी आणि कोको. दहा-पंधरा मिनिटं ग्लास तळहातात धरून गप्पा मारा. १२-१४ अंशांच्या आसपास काकवी, मनुका, अंजीर येतात, त्यामागून व्हॅनिला आणि खोबरं. प्रत्येक वेळी वेगळं काय आलं ते एकमेकांना सांगा, एकाला सापडलं की दुसऱ्यालाही सापडतं. फार कोमट झाली तर मात्र पुन्हा अल्कोहोलच पुढे येतं. म्हणूनच मे महिन्यात नको म्हणतो, आपल्या खोल्यांत ती मधली वेळ पाच मिनिटंही टिकत नाही. उघडलेली बाटली त्याच रात्री संपवा.

सोबत सावजी नको. तिखटावर अल्कोहोल पडलं की आग आणखी भडकते, आणि दोन्ही वाया जातात. जेवण आधी साधं उरका आणि शेवटच्या घोटांबरोबर संत्रा बर्फीचा लहानसा तुकडा घ्या. कोको आणि संत्र्याचं फार छान जमतं. सावजी दुसऱ्या दिवशी दुपारी.