मतदानातलं ‘दान’

विचारणा अशी आहे: “‘जवानांनी बलिदान दिले, तुम्ही मतदान करा’ असा फलक पाहिला. बलिदानातलं आणि मतदानातलं दान एकच का? मत हा हक्क असेल तर त्याला दान का म्हणायचं? आणि हक्क ‘बजावतात’ कसा? बजावतात ते कर्तव्य ना?”

प्रश्न तीन विचारलेत, पण फलकावरची खरी खोट विचारणाऱ्याच्याही नजरेतून सुटली. ‘बलिदान दिले’! अहो, दान या शब्दात देणं आलेलंच आहे, ते पुन्हा काय द्यायचं? ‘मी सकाळीच मतदान दिलं’ असं कुणी म्हणेल का? मतदान सगळे करतात. बलिदान मात्र जो तो ‘देतो’, भाषणात, बातमीत, शोकसभेत. बळी द्यावा, बलिदान करावं. यावर ‘दान देणे’ही रूढ आहे, असं सुनावणारे भेटतातच. आहे रूढ. तिथे दान म्हणजे दिलेली वस्तू. बलिदान ही कृती आहे. आणि ‘सीमेवर तीन जवानांचा बळी’ हा मथळा तर त्याहून वाईट. बळी जातो तो बिचारा, त्याला कुणी विचारलेलं नसतं. बलिदान करणारा आपणहून पुढे होतो. गोलंदाजही पाच ‘बळी’ घेतो आणि तेच फलंदाज पुढच्या सामन्यात पुन्हा खेळायला येतात, यावरून हा शब्द किती झिजलाय ते कळावं. (शहीद की हुतात्मा, हा वाद मी इथे उकरणार नाही. एका बैठकीत संपत नाही तो.)

आता दान. ‘मत हे दान नव्हे, दान भिकाऱ्याला करतात’ हे वाक्य दर निवडणुकीला कुणीतरी नव्याने शोध लागल्यासारखं ऐकवतं. काहींनी ‘मतप्रदान’ असा पर्यायही सुचवलाय. म्हणजे भिक्षेचा वास येतो म्हणून ‘दान’च्या आधी ‘प्र’ची अगरबत्ती लावायची. धातू तोच, ‘दा’, म्हणजे देणे. सरकार अनुदान देतं तेव्हा कुणी वाडगा घेऊन उभं असतं का? वरदान, जीवदान, अभयदान, योगदान, यांत कुठे भीक दिसते? ‘मी त्यांना मत दिलं’ या वाक्यातलं ‘दिलं’ कुणालाच खटकत नाही. तेच संस्कृतात गेलं की खटकतं.

धर्मशास्त्री मंडळींची व्याख्या जरा अवघड जागी बोट ठेवते, हे मान्य. त्यांच्या लेखी दान म्हणजे वस्तूवरची आपली मालकी संपवून दुसऱ्याची निर्माण करणं. मत दिल्यावर पुढची पाच वर्षं काय होतं ते पाहता ही व्याख्या मतदानाला लागू पडत नाही असं छातीठोकपणे म्हणवत नाही. असो.

बलिदानातला ‘बलि’ही वाटतो तितका रक्ताळलेला नाही. त्याचा एक जुना अर्थ आहे कर, राजाला द्यायचं देणं. अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी लुंबिनीला गेला, बुद्धाचं जन्मस्थान म्हणून त्याने त्या गावाला सूट दिली आणि तिथल्या स्तंभावर ते कोरून ठेवलं. गाव ‘उबलिक’ केलं, म्हणजे बलि माफ. तिथे कुणाची मान कापायची राहून गेली नव्हती, सारा भरायचा राहिला. मराठीत ‘देणं’ म्हणजे दिलेलंही आणि देणं लागतो ते कर्जही. बलिदानात हा दुसरा अर्थ मला आधी ऐकू येतो.

पण हे सगळं बाजूला ठेवा, कारण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे.

मत ‘देण्याची’ कल्पना इंग्रजांबरोबर आली, असं बहुतेकांना वाटतं. पाली विनयपिटकातला, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातला, महावग्ग हा भाग उघडा. भिक्षुसंघाला कोणतंही अधिकृत काम करायचं तर सीमेतल्या, म्हणजे संघाने आखलेल्या हद्दीतल्या, सगळ्या भिक्षूंनी हजर राहिलं पाहिजे, असा दंडक. मग जो आजारी आहे, उठू शकत नाही, त्याने काय करायचं? त्याने दुसऱ्या भिक्षूजवळ म्हणायचं, “छन्दं दम्मि, छन्दं मे हर, छन्दं मे आरोचेहि.” छंद देतो, माझा छंद घेऊन जा, माझा छंद सांग.

हा आपला छंदच! तिकिटं जमवण्याचा, फुलझाडांचा. मुळात छंद म्हणजे मनाचा कल, इच्छा. स्वच्छंद म्हणजे ज्याचा कल त्याच्याच हातात आहे तो. संघाच्या सभेत तो कल ‘द्यायचा’ असतो, आणि धातू कोणता, तर ‘दा’. मतदान हा शब्द कुणी पाली वाचून घडवला असा माझा दावा नाही. पण सभेत आपला कल ‘देणं’ हे या भूमीत दोन हजार वर्षांहून जुनं आहे, तेव्हा दान शब्दाने ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी जरा दमानं घ्यावं.

नियम तर एकेक पाहण्यासारखे आहेत. आजाऱ्याने खुणेने कळवलं तरी छंद दिला गेला. बोलून सांगितलं तरी गेला. खूणही नाही, शब्दही नाही, तर दिला गेला नाही. हे साधलं नाही तर त्याला खाटेसकट सभेत आणायचं. हलवलं तर दुखणं बळावेल किंवा जिवावर बेतेल असं शुश्रूषा करणाऱ्यांना वाटलं, तर अख्ख्या संघाने उठून त्याच्यापाशी जायचं आणि तिथे काम करायचं. त्याला वगळून उरकायचं नाही.

छंद नेणाऱ्याला शब्द आहे ‘छंदहारक’. तो वाटेतूनच निघून गेला तर छंद पोचला नाही. सभेत पोचला, पण झोप लागली म्हणून सांगायचं राहिलं, तर छंद पोचला असं धरायचं आणि त्याला दोषही नाही. मुद्दाम सांगितलं नाही, तरीही छंद पोचला, पण आता तो दोषी. झोपाळू निरोप्याची एवढी बारीक काळजी कुठल्या निवडणूक नियमावलीत सापडते मला दाखवा.

इथे पालीचे जाणकार हटकणार. छंद ही संमती, मत नव्हे. खरी मतमोजणी शलाकांनी, म्हणजे काड्यांनी, व्हायची. इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ च्या ‘हिंदू पॉलिटी’त छंद म्हणजे मत असं ठामपणे लिहिलं, तेव्हापासून त्यांना उत्साही देशभक्त म्हणून हसण्याची एक पद्धतच पडली आहे. उत्साह होता, कबूल. प्राचीन सभेत त्यांना आधुनिक संसद जरा लवकर दिसायची. पण हसणाऱ्यांनी एक सांगावं: गैरहजर माणसाचा कल दुसऱ्याने सभेत आणल्याशिवाय जर निर्णय ग्राह्य नसेल, तर त्या कलाला तुम्ही काय म्हणाल, शुभेच्छा? शलाकांचं म्हणाल तर तेही मतदानच, काडी उचलून केलेलं. गुप्त, उघड आणि कानात कुजबुजून असे त्याचे तीन प्रकार. (आपली सळई ती हीच शलाका.) काड्या वाटणाऱ्या अधिकाऱ्याचे जे पाच गुण सांगितलेत त्यांतला पहिलाच असा की तो छंदाने वाहवत जाणारा नसावा. छंद देणाऱ्याचा तो हक्क, पण काड्या वाटणाऱ्याला मात्र तोच दोष! एका शब्दात मतदार आणि निवडणूक अधिकारी यांच्यातला फरक सांगून झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत भिक्षुसंघांच्या मतमोजणीचा आणि गुप्त मतदानाचा दाखला दिला तो काही उगाच नाही.

आणि जवान? तो राहिलाच. तो सापडतो याच छंदहारकाजवळ. सीमेवर असलेला माणूस आजारी भिक्षूसारखाच, सभेच्या बाहेर अडकलेला. त्याच्यासाठी टपाली मत आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून सैन्यदलातल्या मतदाराला आपला प्रतिनिधी नेमून त्याच्याकरवीही मत देता येतं. त्या प्रतिनिधीच्या स्वतःच्या मताची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते आणि जवानाच्या मताची मधल्या बोटाला. छंद मे हर. त्याचं मत वाहून आणल्याची खूण काही दिवस त्या बोटावर राहते. ‘त्यांनी प्राण दिले, तुम्ही मत द्या’ असं सांगणाऱ्यांना जवान म्हणजे फक्त प्राण देणारा वाटतो. तो मत देणाराही आहे. लढणाऱ्याला मत हवंच, या वादावर तर कायदे बदललेत: ब्रिटनने १९१८ मध्ये पुरुषांसाठी २१ वर्षांची अट घातली, पण महायुद्धात सेवा केलेल्या सैनिकाला एकोणिसाव्या वर्षीच मत दिलं, आणि अमेरिकेने व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७१ मध्ये, वय अठरावर आणलं.

हां, बजावणे. तिसरा प्रश्न. बजावतात ते कर्तव्य, हुकूम, समन्स, चाकरी. जुन्या मराठीत शिपाई तलवार बजावायचा, अजूनही युद्धात ‘कामगिरी बजावतात’. राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत देशाचं संरक्षण आहे, मतदान नाही. तेव्हा तर्काने पाहिलं तर हक्क वापरावा, बजावू नये, हे विचारणाऱ्याचं म्हणणं बरोबर. पण बजावणे हे वाजवण्यातून आलं, ढोल बजाव तसं, असं जे सांगतात त्यांचं मी ऐकत नाही. ते फारसी ‘बजा’वरून, म्हणजे जागेवर. त्याचा उलटा भाऊ ‘बेजा’, अस्थानी, तो आपल्याकडे ‘बेजा फायदा’त अजून नांदतो. बजावणे म्हणजे एखादी गोष्ट तिच्या जागी नेऊन पोचती करणं. छंदहारक दुसरं काय करत होता?

म्हणून ‘हक्क बजावा’ला मी हात लावणार नाही. फलक रंगवणाऱ्याला एवढंच सांगा, ‘बलिदान दिले’ खोडून ‘केले’ कर.