श्रीमंत देश इतकी मदत देतात, तरी गरीब देश गरीबच का राहतात?

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत : कित्येक दशकं मदत मिळूनही जगातली दरी का बुजत नाही, यात चूक गरीब देशांचीच आहे का, आणि तसं असेल तर मदत बंद का करू नये. मी नागपूरचा. कामाची सगळी वर्षं कापसात गेली, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या) हिशेबात आणि प्रतवारीत. त्यामुळे मी कापसाच्या अंगानेच उत्तर देतो. सावनेरचा कोरडवाहू शेतकरी आणि आफ्रिकेतल्या मालीचा शेतकरी हे दोघे एकाच बाजारात उभे असतात, आणि विषमता कशी चालते ते तिथे उघड दिसतं.

दरी अजिबात बुजली नाही, असं मात्र नाही. १९९० साली जगातला दर तिसरा माणूस, किंबहुना त्याहून जास्त, अतिदारिद्र्यात होता. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्या खाली आलं. पण त्यात सिंहाचा वाटा चीनचा, मग भारताचा, आणि दोघांपैकी कुणीही परदेशी मदतीच्या जोरावर वर आलेलं नाही. त्याच काळात देशांच्या आतली दरी वाढली. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे वरच्या दहा टक्क्यांच्या हाती जगातलं ५२ टक्के उत्पन्न आहे आणि खालच्या निम्म्या लोकांच्या हाती साडेआठ टक्के.

आता मदत. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली केला. २०२३ मध्ये प्रत्यक्षात ०.३७ टक्के दिली गेली, म्हणजे साधारण २२३ अब्ज डॉलर. त्यातही दर सात डॉलरांतला जवळपास एक डॉलर त्या श्रीमंत देशांनी आपल्याच भूमीवर आलेल्या निर्वासितांवर खर्च केला. नियमाने तोही ‘मदत’ म्हणूनच मोजला जातो. तेव्हा ‘इतकी मदत’ म्हणताना हे ध्यानात असू द्या. पण ती दुप्पट झाली असती तरी माझं उत्तर फारसं बदललं नसतं.

जिनिंगच्या आवारात गाडी लागली की ग्रेडर ढिगातून मूठभर कापूस काढतो, चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो. मग मॉइश्चर मीटर ढिगात खुपसतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा आठ टक्के असला तर पूर्ण हमीभाव. त्यावर टक्क्यागणिक कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. शेतकरी बाजूला उभा राहून मीटरचा आकडा बघत असतो. एक म्हातारे शेतकरी दर हंगामात एकच प्रश्न विचारायचे : ‘‘माल माहा, मेहनत माही, मंग भाव कोन ठरवते बाप्पा?’’ मी त्यांना खरं तेच सांगायचो. रात्री न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या कापसाच्या सौद्याचा भाव, पडला की सकाळी आपल्याकडे खासगी व्यापारी क्विंटलमागे भाव उतरवतात.

आणि न्यूयॉर्कचा तो भाव निव्वळ मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेने आपल्या जेमतेम २५ हजार कापूस उत्पादकांना ३ अब्ज डॉलरहून जास्त अनुदान दिलं. भाव पडला तरी त्यांना फरक पडत नव्हता, म्हणून ते पेरत राहिले आणि जगाचा भाव आणखी पडत राहिला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे पश्चिम-मध्य आफ्रिकेतले चार देश कापसावर जगतात. जून २००३ मध्ये बुर्किना फासोचे अध्यक्ष स्वतः जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. आम्हाला मदत नको, फक्त ही अनुदानं थांबवा आणि तोवर झालेलं नुकसान भरून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकूनला या संघटनेच्या परिषदेत जो मसुदा पुढे आला, त्यात या देशांना कापसाखेरीज दुसऱ्या धंद्यांकडे वळायला मदत करण्याची भाषा होती. म्हणजे अनुदान देणारा तसाच राहणार आणि कापूस पिकवणाऱ्याने पीक सोडायचं. ती परिषद मोडली. २००५ साली हाँगकाँगला निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न आजही तसाच लोंबकळत आहे.

ब्राझीलने मात्र २००२ सालीच याच संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध तक्रार दाखल केली आणि २००५ मध्ये अपिलातही ती जिंकली. तरी अमेरिकेने अनुदानं पुरती सोडली नाहीत. ब्राझील अमेरिकी मालावर उलट कर लावायला निघाला, तेव्हा २०१० पासून अमेरिकेने ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन आणि चाड याच खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होते. त्यांच्या पदरात दमडी पडली नाही. ब्राझीलकडे वकील होते, अमेरिकेला दुखेल इतका मोठा बाजार होता. २०२३-२४ मध्ये तर त्याने कापूस निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं. मालीने कर लावायची धमकी दिली तर वॉशिंग्टनमध्ये कोण बिचकणार?

व्यापार संघटनेचे नियम कागदावर सगळ्यांना सारखे आहेत, पण ज्याची तिजोरी भरलेली त्यालाच ते वापरता येतात. शिवाय ते लिहिले गेले तेव्हा जे देश भरमसाट अनुदान देत होते, त्यांचा तो हक्क थोडासा छाटून कायम ठेवला गेला. बाकीच्यांवर मर्यादा आल्या. आपल्या हमीभावाची तुलना आजही १९८६-८८ च्या संदर्भ किमतीशी होते. त्याच हिशेबावर नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जिनिव्हात भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप घेतला. ओलाव्याच्या एका टक्क्यासाठी ज्याचे पैसे कापले जातात, त्या शेतकऱ्याचा हा हमीभाव!

दुसरी गोष्ट प्रक्रियेची. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पाच क्विंटलचे झाले सुमारे साडेसदतीस हजार. त्या एका गाठीतून ढोबळमानाने नऊशे टी-शर्ट होतात. एका टी-शर्टमागे शेतकऱ्याला चाळीसेक रुपये, आणि त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, वेचाई. तोच टी-शर्ट युरोपात दहा युरोला विकला गेला तर दुकानात नऊ लाखांच्या आसपास रुपये जमा होतात. पश्चिम आफ्रिकेची बहुतेक रुई तशीच जहाजात चढते. वऱ्हाडचंही हेच झालं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरला कापूस मिळेना, म्हणून इकडचा भाव कडाडला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली तोवर युद्ध संपून भाव कोसळला होता. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, म्हणजे प्रक्रियाही इथे आली होती. आज त्या जागेवर मॉल आहे आणि विदर्भाची रुई ट्रकने तमिळनाडू-गुजरातला जाते.

बांगलादेशकडे स्वतःचा कापूस जवळजवळ नाही. तिथल्या एका कंपनीने १९७९ मध्ये १३० माणसं दक्षिण कोरियाच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवली. परत आल्यावर त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. कोट्याच्या पद्धतीमुळे (श्रीमंत देश इतर देशांच्या कपड्यांच्या आयातीवर मर्यादा घालत) आणि नंतर युरोपने जकात माफ केल्यामुळे बाजार उघडा मिळाला, आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगात पहिल्या काहींत गेला. त्याची किंमतही मोजावी लागली. २०१३ च्या राणा प्लाझा दुर्घटनेत अकराशेहून जास्त कामगार मेले. पण हातात कसब आणि समोर उघडा बाजार या दोन गोष्टींनी जे झालं, ते निव्वळ मदतीच्या पाकिटाने झालं नसतं.

चूक गरीब देशांचीच का? काही अंशी हो, आणि ते आपणही लपवू नये. मार्च २०११ मध्ये जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरवर गेला होता. त्याच्या आगेमागे २०१० आणि २०१२ साली आपल्याच सरकारने गिरण्यांसाठी कापसाची निर्यात रोखली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं काढलं, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात दुभती जनावरंसुद्धा होती. चारा-पाणी कुठून आणायचं ते शेतकऱ्याने बघायचं. कापसाच्या भावाला त्यात कुणी हात घातला नाही. आंतरराष्ट्रीय विकासाचे प्रकल्प असेच फसतात. देणारा आपल्याकडे जे आहे ते देतो, घेणाऱ्याचं जिथे अडलंय तिथे जात नाही.

तरी मदत बंद करा, हे मला मुळीच पटत नाही. १९८० साली देवीचा रोग जगातून गेला तो बाजाराने नव्हे, सगळ्यांनी मिळून खर्च केला म्हणून. २००३ पासून अमेरिकेच्या पैशाने आफ्रिकेत एचआयव्हीची औषधं पोहोचली आणि लाखो माणसं जगली. जुलै २०२५ मध्ये ती मदत पोहोचवणाऱ्यांतली एक मोठी अमेरिकन सरकारी संस्था, यूएसएड, गुंडाळली गेली. औषधाला पर्याय नसतो, गोळी थांबली की माणूस आजारी पडतो. त्या देशांनी स्वतःच्या तिजोरीतून ती घ्यावी म्हणावं, तर २०२३ मध्ये विकसनशील देशांनी परकीय कर्जावर निव्वळ व्याजापोटीच ४०६ अब्ज डॉलर भरले, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या मदतीच्या पावणेदोन पटींहून जास्त.